रीती, भूमी आणि श्रेय : एका द्राक्षमळ्याच्या निमित्ताने

१

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली वाशीमलाच मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व इतिहासकारांना स्पष्ट झाले. साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र हे नाव दुसऱ्याच वाटेने भेटते. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू देशोदेशी हिंडतात आणि अखेर त्यांचा गांधर्वविवाह होतो तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. त्याच राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत सट्टकाच्या आरंभी मागधी आणि पांचाली यांच्या जोडीला ‘वच्छोमी’ येते. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची. वैदर्भी रीतीचेच हे दुसरे नाव. आज ज्या गावाचा उल्लेख वर्तमानपत्रांत बहुधा सोयाबीनच्या भावाच्या किंवा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात होतो, त्या गावाचे नाव एके काळी एका लेखनशैलीचे नाव होते.

एखाद्या शैलीला गावाचे नाव देताना आपण नेमके काय म्हणत असतो? या नामकरणाचे निदान तीन अर्थ संभवतात. पहिला कारणाचा : त्या भूमीनेच तो गुण निर्माण केला. दुसरा आढळाचा : तो गुण त्या ठिकाणी प्रथम किंवा ठळकपणे दिसला, म्हणून सोयीसाठी ते नाव पडले. तिसरा अर्थ हवाल्याचा : त्या गुणाबद्दल त्या ठिकाणचे कोणीतरी जबाबदार आहे, कमी पडल्यास जाब देणारे कोणीतरी तिथे आहे. पहिल्या दोन अर्थांची चर्चा आपल्या परंपरेत झालेली आहे. तिसऱ्याची जवळजवळ नाही. आणि नैतिक प्रश्न दडलेला आहे तो तिथेच. श्रेय कोणाचे, आणि नावाखाली कोणाचे श्रेय गाडले जाते, हा तो प्रश्न.

त्याचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेतले आहे : फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील क्रो पारांतू नावाचा सुमारे एक हेक्टराचा द्राक्षमळा, त्यातून निघणारी तांबडी वाइन, आणि ती करणारा आँरी झाये (१९२२–२००६) हा शेतकरी. हे उदाहरण दूरचे वाटेल. पण रीतिविचाराच्या चर्चेतच त्याला जागा मोकळी ठेवलेली आहे, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

२

भामहाला वैदर्भ आणि गौड हा भेदच फारसा मान्य नव्हता. एकाने म्हटले म्हणून दुसऱ्याने म्हणायचे, या प्रकारातला तो भेद आहे आणि नावे काय, माणसे आपल्या इच्छेप्रमाणे ठेवतात, असा त्याचा रोख होता. दंडीने दोन्ही मार्ग स्वीकारले, दहा गुणांच्या आधारे त्यांतील अंतर सांगितले. परंतु त्याच ओघात त्याने एक कबुली दिली. कवीगणिक जे भेद असतात ते सांगता येण्याजोगे नसतात. ऊस, दूध, गूळ यांच्या गोडीत अंतर मोठे असते, पण ते शब्दांत सांगणे प्रत्यक्ष सरस्वतीलाही साधणारे नाही. काव्यशैलीतील भेदाचा विचार करताना दंडीला जिभेवरचा दाखला सुचला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रीतीला काव्याचा आत्मा मानणारा वामन या प्रश्नाला थेट भिडतो. तो स्वतःच शंका उपस्थित करतो : द्रव्यांचे गुण जसे देशपरत्वे उत्पन्न होतात, तसे काव्याचे गुणही देशामुळे उत्पन्न होतात काय, की ज्यामुळे रीतींना देशांची नावे द्यावीत? आणि तो उत्तर देतो : नाही. विदर्भादी देशांतील कवींच्या ठिकाणी त्या रीती शुद्ध स्वरूपात दिसल्या, म्हणून ती नावे पडली; देश काव्यावर कोणताही उपकार करीत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या तीन अर्थांपैकी वामन पहिला नाकारतो आणि दुसरा स्वीकारतो. मात्र नाकारताना तो एक गोष्ट गृहीत धरतो. द्रव्यांच्या बाबतीत देश गुणाचे कारण असतो, हे त्याला मान्य आहे. काव्य हे द्रव्य नव्हे, एवढाच त्याचा आक्षेप आहे.

कुंतकाने आणखी पुढे जाऊन देशनामेच काढून टाकली. मामेबहिणीशी विवाह हा काही देशांचा आचार असू शकतो, कारण तो वडीलधाऱ्यांच्या परंपरेवर चालतो. काव्यरचना अशी परंपरेने हाती येत नाही, तिला शक्ती, व्युत्पत्ती आणि अभ्यास लागतात, आणि हे तिन्ही त्या त्या कवीचे असतात. शिवाय देशावरून भेद करायचा तर देश अगणित, मग रीतीही अगणित. म्हणून त्याने सुकुमार, विचित्र आणि मध्यम असे कविस्वभावावर आधारलेले मार्ग सांगितले. गंमत अशी, की सुकुमार मार्गाचे उदाहरण म्हणून कालिदासाच्या शेजारी तो ज्या कवीचे नाव घेतो तो सर्वसेन, वत्सगुल्म शाखेचा संस्थापक राजा. गावाचे नाव पुसून कुंतकाने त्याच गावच्या माणसाचे नाव ठेवले.

वामनाने द्रव्य आणि काव्य यांमध्ये आखलेली रेषा इतकी सरळ आहे काय, हे तपासायचे, तर ज्याचा गुण भूमीतून येतो असे जग ठामपणे मानते असे एखादे द्रव्यच हाती घ्यायला हवे. बर्गंडीची वाइन हे असे द्रव्य आहे.

३

फ्रेंच भाषेत ‘तेरवार’ असा एक शब्द आहे. माती, तिच्याखालचा खडक, उतार, पाण्याचा निचरा, उन्हाची दिशा, त्या ठिकाणची हवा आणि पिढ्यांची वहिवाट, एवढे सगळे त्यात सामावते. बर्गंडीमध्ये ही कल्पना टोकाला नेलेली आहे. तिथे शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. अशा तुकड्याला ‘क्लिमा’ म्हणतात, आणि २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविलेल्या क्लिमांची संख्या १२४७ आहे. बोर्दो प्रांतातील १८५५ चे प्रसिद्ध वर्गीकरण मळेवाल्यांच्या इस्टेटींचे होते. बर्गंडीत श्रेणी लागते ती शेताला. मालक बदलला, कर्ता बदलला, तरी शेताची श्रेणी बदलत नाही. स्थलनामाला कायद्याचे संरक्षण देणारी फ्रान्समधील आजची व्यवस्था १९३५ साली उभी राहिली.

व्होन-रोमाने हे या प्रदेशातील गाव. रोमाने-कोंती हा जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध द्राक्षमळा याच गावचा. क्षेत्रफळ दोन हेक्टरांहूनही कमी. त्याच गावात रिशबूर या श्रेष्ठ मळ्याच्या वरच्या अंगाला क्रो पारांतू आहे. जमीन उथळ, खडकाळ, हवा थंड. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा या किडीने युरोपातील द्राक्षवेली उद्ध्वस्त केल्या, त्यानंतर हा तुकडा उपेक्षितच राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे टोपिनांबूर नावाचे कंद लावले जात होते. द्राक्षांची प्रतिष्ठा असलेल्या गावात कंदांचे शेत म्हणजे पडीकच समजायचे.

आँरी झाये याने १९४५ साली कामुझे या जमीनदार घराण्याचे मळे बटईने करायला घेतले. राबायचे त्याने, जमीन त्यांची, उत्पन्नात दोघांचा वाटा. वाशीमच्या शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापासून त्याने क्रो पारांतूमधील तुकडे विकत घेतले, सुरुंग लावून खडक फोडला, माती मोकळी केली आणि पिनो न्वार जातीच्या वेली लावल्या. उत्पन्न जाणीवपूर्वक कमी ठेवायचे, खराब घड निवडून टाकायचे, देठ संपूर्णपणे काढायचे, किण्वन सुरू होण्यापूर्वी रस आणि साली काही काळ थंड ठेवायच्या, बाटलीत भरताना वाइन गाळायची नाही, अशी त्याची पद्धत होती. रासायनिक खते आणि यंत्रे यांचा भरघोस पुरस्कार होत असलेल्या दशकांत ही पद्धत जुनाट वाटण्यासारखी होती.

या मळ्याची वाइन क्रो पारांतू या स्वतंत्र नावाने बाटलीत भरली गेली ती १९७८ च्या हंगामाची. त्याआधी ती गावाच्या सामान्य नावाखाली इतर वाइनमध्ये मिसळून जात असे. शेताची अधिकृत श्रेणी ‘प्रीमिए क्रू’, म्हणजे नावाने ‘प्रथम’ असली तरी क्रमाने दुसरी. ‘ग्राँ क्रू’ या सर्वोच्च श्रेणीत क्रो पारांतूचा समावेश नाही. तरीही झाये याच्या हातच्या बाटल्यांना सर्वोच्च श्रेणीच्या अनेक मळ्यांहून अधिक किंमत मिळत आली. २०१८ च्या जून महिन्यात जिनिव्हा येथे त्याच्या तळघरातील शेवटच्या १०६४ बाटल्यांचा लिलाव झाला, तेव्हा सुमारे ३ कोटी ४५ लाख स्विस फ्रँक आले. तो माणूस तेव्हा बारा वर्षांपूर्वी वारलेला होता.

४

आता प्रश्न विचारता येईल : या वाइनमध्ये जो गुण आहे तो भूमीचा की कर्त्याचा?

भूमीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. शेजारशेजारच्या दोन मळ्यांत एकच जात, एकच पद्धत आणि एकच माणूस असूनही वाइन वेगळी होते, हा बर्गंडीचा शतकांचा अनुभव आहे. कर्त्याच्या बाजूनेही तितकेच आहे. क्लो द व्हूजो हा सिस्टर्सियन साधूंनी बाराव्या शतकापासून जोपासलेला सुमारे पन्नास हेक्टरांचा मळा फ्रेंच राज्यक्रांतीत जप्त झाला आणि पुढे वाटण्या होत होत आज सुमारे ऐंशी मालकांत विभागला गेला आहे. सगळ्यांच्या बाटलीवर नाव एकच, श्रेणी एकच; वाइन मात्र उत्कृष्टपासून सामान्यापर्यंत सर्व प्रकारची. एवढ्यावरून दोन्ही पक्ष बरोबर आहेत, असा सोयीचा निष्कर्ष काढता येईल. पण क्रो पारांतूची हकीकत त्याहून अधिक काही सांगते.

पहिली गोष्ट अशी, की ज्या भूमीला आपण कारण मानतो ती भूमीच येथे अंशतः कृत आहे. सुरुंग लावण्यापूर्वीची आणि नंतरची माती एक नव्हे. भूविज्ञानाचे अभ्यासक सांगतात, की मातीतील खनिजे जशीच्या तशी वाइनच्या चवीत उतरत नाहीत. माती आपले काम करते ते पाणी किती धरते, किती सोडते, मुळे किती खोल जातात, ऊब किती टिकते यांच्याद्वारे. या प्रत्येक गोष्टीत माणसाचा हात पोचलेला असतो. वामन ज्याला द्रव्य म्हणून काव्यापासून वेगळे ठेवतो, त्या द्रव्यातही शक्ती, व्युत्पत्ती आणि अभ्यास शिरलेले आहेत. कुंतकाने कवीसाठी सांगितलेली तिन्ही कारणे झाये याच्या मळ्यात सापडतात.

दुसरी गोष्ट मुळांची. फिलोक्सेरानंतर युरोपातील द्राक्षवेल वाचली ती अमेरिकी खुंटावर कलम करून. बर्गंडीच्या मातीत आज जी मुळे रुजलेली आहेत ती बहुतांशी परदेशी वंशाची आहेत. रोमाने-कोंतीच्या मालकांनी कलम न केलेल्या जुन्या वेली मोठ्या कष्टाने टिकविल्या होत्या. १९४५ नंतर त्याही उपटाव्या लागल्या, आणि १९४६ ते १९५१ या वर्षांत त्या मळ्याची वाइनच झाली नाही. नवी लागवड कलमांचीच होती. तरी कोणी म्हणत नाही की १९५२ नंतरची रोमाने-कोंती देशी राहिली नाही.

भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेच्या भूमिकेने गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेत भूमी ही संकल्पना केंद्रस्थानी आणली. भूमीशी असलेले नाते तोडून साहित्य जगू शकत नाही, हा त्या भूमिकेतील सत्यांश टाळता येणार नाही. पण भूमी आणि मूळ या दोन संकल्पना त्या चर्चेत अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, आणि तसे होऊ नये, असे बर्गंडीचे उदाहरण सुचविते. मुळे बाहेरची असूनही फळ तिथलेच होऊ शकते. अट एवढीच, की ती मुळे त्या मातीत कोणीतरी राबून रुजविली पाहिजेत. ज्या सोयाबीनने गेल्या तीन-चार दशकांत वाशीमच्या शिवारातून ज्वारी हटविली तेही बाहेरचेच पीक. ते आज तिथले नाही, असे म्हणणे तिथल्या शेतकऱ्याच्या श्रमांवर अन्याय करणारे ठरेल.

तिसरी गोष्ट नावाची. १९७८ पूर्वीही ती माती होती, त्या वेली होत्या, तो माणूस होता. नाव नव्हते. म्हणजे नाव हे गुणाचे लेबल नव्हे. नाव देणे ही एक स्वतंत्र कृती आहे. ती करणारा माणूस असे म्हणत असतो, की यापुढे या शेताची वाइन मी इतर कशात मिसळणार नाही, आणि ती वाईट निघाली तर दोष कुठे द्यायचा हे तुम्हांला कळेल. नावाचा हाच हवाल्याचा अर्थ.

५

हवाल्याचा अर्थ किती मूलभूत आहे, हे बनावट वाइनच्या प्रकरणांतून लक्षात येते. २००८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पोन्सो घराण्याच्या क्लो सँ-दनी या वाइनच्या बाटल्या विक्रीस आल्या. त्यांतील काहींवर १९४५ पासूनची वर्षे होती. लोरां पोन्सो स्वतः तिथे गेला आणि त्या बाटल्या मागे घेतल्या गेल्या. कारण त्याच्या घराण्याने त्या मळ्याची वाइन करायला सुरुवातच केली होती ती १९८० च्या दशकात. त्या बाटल्या विक्रीस आणणाऱ्या रुडी कुर्निआवान याच्यावर पुढे खटला झाला, २०१३ साली तो दोषी ठरला आणि २०१४ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मधल्या काळात त्याच्याकडच्या बाटल्या मोठमोठ्या जाणकारांनी उघडल्या होत्या, चाखल्या होत्या, वाखाणल्या होत्या.

डेव्हिड ह्यूम याने अभिरुचीच्या प्रमाणासंबंधीच्या १७५७ च्या निबंधात सर्व्हांटिसच्या कादंबरीतील एक गोष्ट घेतली आहे. सँचोचे दोन नातेवाईक एका पिंपातील वाइन चाखतात. एकाला तिच्यात चामड्याचा, दुसऱ्याला लोखंडाचा वास येतो. लोक हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा बंद असलेली किल्ली सापडते. सूक्ष्म अभिरुचीला वस्तूमध्ये आधार असतो, हे ह्यूमला दाखवायचे आहे आणि ते मान्य करण्यासारखे आहे. पण श्रेयाच्या प्रश्नाला अशी किल्ली नसते. पिंपाच्या तळाशी ‘हा गुण मातीचा’, ‘हा गुण माणसाचा’ असे वेगळे काही सापडत नाही. बाटली कुठून आली आणि कोणी केली, हे जीभ सांगू शकत नाही. ते कोणाच्या तरी शब्दावर मानावे लागते. आस्वादाच्या मुळाशी अशा रीतीने शब्दप्रमाण आहे, आणि शब्दप्रमाण म्हटले की शब्द देणारा आप्त आलाच.

येथे एक कबुली देणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखकाने झाये याची वाइन चाखलेली नाही. चाखण्याची शक्यताही नाही. तिच्याविषयी जे लिहिले ते इतरांच्या साक्षीवरून. समीक्षकाने न चाखलेल्या वस्तूविषयी बोलू नये, असा आक्षेप यावर येईल. पण सर्वसेनाच्या बाबतीत आपण सगळेच या अवस्थेत आहोत. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, भोज, हेमचंद्र यांच्यासारख्यांनी घेतलेले उल्लेख आणि अवतरणे एवढ्यावर आपण त्याला ओळखतो. कुंतकाने त्याच्या सहज सौकुमार्याची साक्ष दिली. आपण कुंतकाला आप्त मानतो, म्हणून वत्सगुल्माला एक थोर कवी होता, असे आपण म्हणू शकतो. रिकाम्या पिंपाविषयीचे हे बोलणे आहे. साक्षीदार विश्वासार्ह असेल तर ते बोलणे निरर्थक नसते, परंतु साक्षीदाराची जबाबदारी त्यामुळे शतपटीने वाढते.

६

आता श्रेयाच्या नैतिक बाजूकडे वळू. बर्गंडीतील अनेक उत्पादक नम्रपणे सांगतात, की आपण काही करत नाही, भूमीच बोलते, आपण केवळ दुभाषे. या नम्रतेत खरेपणा असू शकतो. पण तिच्यात एक सोयही आहे. गुण भूमीचा ठरला की तो आपोआप भूमीच्या मालकाचा ठरतो, आणि जो राबला तो दुभाष्या म्हणून बाजूला होतो. झाये याने कामुझे घराण्याच्या मळ्यांत १९४५ पासून १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत बटईने काम केले. मुदत संपल्यावर ते मळे कायदेशीर मालकांकडे परत गेले, ज्यांच्या वाइनवर आज मेओ-कामुझे हे नाव असते. यात बेकायदा काही नव्हते. त्या घराण्याच्या नव्या पिढीला झाये याने स्वतः शिकविलेही. तथापि बटईदाराचे नाव जगाला कळले ते त्याने स्वतःच्या मालकीचा एक उपेक्षित तुकडा नावारूपाला आणला म्हणून. तो तुकडा त्याला मिळाला नसता, तर तीच बुद्धी आणि तेच हात ‘भूमीच्या गुणा’त निमूटपणे विरघळून गेले असते. असे विरघळलेले हात बर्गंडीत किती असतील, आणि विदर्भात किती!

रोलां बार्त याने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहातील वाइनवरच्या निबंधात हा मुद्दा अधिक कठोरपणे मांडला आहे. वाइन हे फ्रेंचांचे सर्वांना एकत्र आणणारे मिथक; पण अल्जीरियात हेच पीक तिथल्या मुसलमानांवर लादले गेले, त्यांच्याचकडून हिरावलेल्या जमिनीवर, ज्या पिकाचा त्यांना काही उपयोग नाही आणि ज्यांना भाकरीची चणचण आहे. वाइन सुंदर आहे हे बार्त नाकारत नाही. तिच्या सौंदर्यात मिसळलेला हा अन्याय वेगळा काढून दाखवणे तो आपले काम समजतो. स्थलनामाच्या समीक्षेचेही हेच काम आहे.

मात्र याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. नाव श्रमांना गिळते हे खरे, पण नावच नसेल तर श्रमांना उभे राहायला जागाच उरत नाही. वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास होतो तेव्हा ढिगाऱ्यापाशी पाहिले जाते ते ओलावा किती, माती-कचरा किती, दाणा डागी आहे का. पोते काट्यावर चढले, की ते कोणत्या शिवारातले, कोणी पेरले, कोणी सोंगले, हे कायमचे पुसले जाते. उरतो तो ‘माल’. एका हेक्टराच्या शेताचे नाव जिनिव्हाच्या लिलावात पुकारले जाते आणि दुसऱ्या शेताचे नाव पुकारले जाण्याची सोयच नसते. दोन्ही ठिकाणी प्रक्रिया बोलीचीच आहे. सोयाबीनमध्ये वाइनसारखे बारकावे नसतात, म्हणून तुलना अप्रस्तुत आहे, असे कोणी म्हणेल. पण १९४५ साली क्रो पारांतूत कंद होते. तिथे बारकावे आहेत, असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते.

भौगोलिक निर्देशनाची नोंदणी हा यावरचा उपाय आहे काय? आपल्याकडे ‘नाशिक व्हॅली वाइन’ आणि ‘नागपुरी संत्रा’ यांना अशी कायदेशीर नोंद मिळालेली आहे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र कायदा नावाचे रक्षण करतो; ते नाव भरण्याचे काम कोणाला तरी करावे लागते. शिवाय नोंदणी प्रदेशाची असते, राबणाऱ्याची नसते. नाशिकचेच एक वेगळे उदाहरण येथे आठवते. राजीव सामंत यांनी आपल्या वाइनला ‘सुला’ हे नाव दिले ते आई सुलभा यांच्या नावावरून. भूमीऐवजी माणसाचे नाव देण्याची ही रीत बर्गंडीला रुचणार नाही. पण नाव हे अखेर कृतज्ञतेची नोंद असते, एवढे त्यातून सूचित होते.

समारोप करायचा तर असा. वामनाने देश काव्यावर उपकार करीत नाही असे म्हटले, आणि कुंतकाने देशनाम टाकून कविस्वभाव घेतला. दोघेही कारणाचा शोध घेत होते, आणि त्या शोधात त्यांची उत्तरे योग्य आहेत. परंतु स्थलनाम हे कारणाचे विधान नसून हवाल्याचे विधान आहे, असे मानले, तर ते टाकून देण्याची गरज उरत नाही. त्याला जाब विचारण्याची गरज मात्र निर्माण होते. ‘वैदर्भी’ म्हणताना आपल्याला विदर्भातील कोण अभिप्रेत आहे? राजा असलेला सर्वसेन, की ज्या प्राकृतात त्याने लिहिले ती भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलेली, तिला ते मार्दव देणारी माणसे? कुंतकाने राजाचे नाव वाचविले, याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. त्या माणसांची नावे वाचविणारा कोणी झाला नाही. ‘वच्छोमी’ या शब्दात त्यांची जी काही आठवण उरली आहे तेवढीच. म्हणून शैलीचे भौगोलिक नाव उच्चारताना समीक्षकाने त्यामागे उभ्या असलेल्या, नाव न लागलेल्या बटईदारांची आठवण ठेवावी, आणि जिथे कुठे असा एखादा बटईदार आपला तुकडा साफ करून त्याला नाव देऊ पाहत असेल, मग तो मळ्यात असो वा लेखनात, तिथे आधीच ठरलेल्या श्रेणींचा दाखला देऊन त्याला परत पाठवू नये.